दोन आणि बारा

जळकोट तालुक्यात ठिबकच्या नळ्या तुंबल्या की लोक पिराजीला बोलावतात. बोअरचं पाणी जड असल्यामुळे तोट्यांच्या तोंडावर पांढरी खपली धरते आणि भर मोसमात पपईची झाडं माना टाकतात. मग पिराजी अ‍ॅसिडचा कॅन, एक जुनी बादली आणि रंग बदलणाऱ्या कागदपट्ट्या मोटरसायकलला बांधून येतो. माणूस कामाला वाघ, पण एकदा कानावर पडलेली गोष्ट आपल्याला पुरती कळली असं धरून चालायची त्याला खोड. त्या खोडीवर गावात लोक हसायचे. आता कुणी हसत नाही.

त्याची पोरगी शिवकन्या लातूरला बारावी सायन्सला आहे. दिवाळीत ती घरी आली, तेव्हा ओट्यावर बसून बापाच्याच पट्ट्यांनी तिनं त्याची शिकवणी घेतली. तोट्या भिजवायच्या अ‍ॅसिडच्या बादलीत पट्टी बुडवली, ती लाल झाली; पाकिटावरच्या आकडे घातलेल्या रंगांशी तिनं ती ताडून पाहिली.

"हे दोन. लिंबाच्या रसाएवढं," ती म्हणाली. मग बापाच्या तंबाखूच्या डबीतला चुना वाटीभर पाण्यात कालवून त्यात दुसरी पट्टी घातली. ती गर्द निळी झाली. "हे बारा. मधी सात, साधं पाणी. एक घर सरकलं की दहा पट फरक, पप्पा. दोन अन् बारा सातापासून सारखेच लांब, उलट्या अंगाला. एकमेकाला मारतेत."

"मंजी दोनात बारा घातलं की सात," पिराजी खूश होऊन म्हणाला.

"मापात घातलं तर. पण डबीतला चुना घट्ट असतोय, त्यो..."

तेवढ्यात लाईट आली आणि पिराजी मोटर चालू करायला पळाला. परत येईस्तोवर पोरगी आईला चकल्या तळू लागायला आत गेली होती.

तेव्हापासून हातावर थेंब उडाला की तो डबीतला चुना चोळायचा आणि "झालं सात" म्हणायचा. घट्टे पडलेल्या त्याच्या बोटांना काही होत नसे, त्यामुळे त्याचा भरवसा वाढतच गेला. दिसेल त्याला तो ही विद्या सांगत सुटला.

त्या दिवशी तो अण्णारावांच्या पपईत होता, सोबत बायको नागाबाई. ती बादलीतून तोट्या काढून झटकत होती, आणि झटकताना पाणी डोळ्यात उडालं. तिनं पदर दाबून धरला.

"अहो, लई आग व्हायलीय."

पाण्यानं भरलेली घागर बांधावर होती. हात लांबवला असता तर लागली असती. पिराजीला ती दिसलीही. पण एवढी विद्या अंगात असताना साध्या पाण्याला कोण विचारतो? त्यानं कमरेची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि नागाबाईची खालची पापणी ओढून आत सारला. शेजारी उभे असलेले अण्णाराव कौतुकानं मान डोलवत होते.

नागाबाई ओरडली नाही. तिनं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि तिचे पाय मातीत घासत राहिले.

"थांब जरा," पिराजी तिला चुचकारत म्हणाला, "सात व्हायलंय."

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला बाहेर बोलावलं. बादलीत काय होतं ते नीट विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "ते लिंबाच्या रसाएवढंच होतं. लगेच पाण्यानं धुतलं असतंत तर एखाद-दोन दिवस डोळा लाल राहिला असता. चुना संपत नाही हो. पापणीखाली बसून विरघळत राहतो, आत आत जाळत जातो. तो डोळा आता गेला." पिराजीनं मान हलवली. ही गोष्ट मात्र त्याला पुरती कळली, आणि त्यानं ती कुणाला सांगितली नाही.

घरी आणल्यावर गल्लीतल्या बाया बघायला आल्या. दवाखान्याचं उशिरा कळवल्यामुळे लातूरहून सकाळीच आलेली शिवकन्या आईच्या उशाशी बसली होती. ती बापाच्या कमरेला लटकलेल्या डबीकडे बघत होती.

"ह्यांच्यापाशी चुना व्हता म्हणून बरं," एका डोळ्याला पट्टी बांधलेली नागाबाई बायांना सांगत होती. "अ‍ॅसिडच ते, दुसरा डोळा बी घेतला असता." मग तिनं लेकीचा हात धरला. "माय, तूच शिकवलं व्हतंस की त्यांस्नी."

बायांनी शिवकन्येकडे मायेनं पाहिलं. तिनं हात सोडवून घेतला नाही. ती बापाकडे बघत राहिली.

पिराजी उठला आणि मोटर बघून येतो म्हणून बाहेर पडला. लाईट नव्हती.