आईच्या डोळ्यांतला पांढरा

आमच्या घरात पांढरा रंग कोणता, हे आई ठरवते. डहाणूच्या बाजारात तिने जन्मभर मासळी विकली. पापलेट आजचं की कालचं, हे ती नुसत्या रंगावरून सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण घरात मला कुणी काही विचारत नाही.

यंदा तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या बहिणीला, सुनीताला, सासरी वापीला मुलगा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आईची हौस राहिली ती राहिलीच, वर डॉक्टरांनी प्रवासही बंद केला. आई दिवसभर एकच म्हणायची, "नातवाचं तोंड तरी बघू दे रे!" म्हणून मी मोठा टीव्ही आणला. रविवारी सुनीता त्यावर व्हिडिओ कॉल करणार होती.

टीव्ही नुसता लावून भागलं असतं. (हे आता कळतंय.) पण मला तो शास्त्रशुद्ध लावायचा होता! टेप घेऊन मी बघण्याचं अंतर मोजलं. ते हॉलमध्ये मावेना, म्हणून आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"मग चहा घेऊन मी आईंच्या अंगावरून उडी मारू का?" बायकोने विचारलं.

मला अजून ब्राइटनेस लावायचा होता, पांढरा रंग जुळवायचा होता.

"आई, ऑपरेशनचा डोळा मीट, त्याला ताण नको. जुन्या डोळ्याने सांग, हे पांढरं दिसतं?" (शेजारी कोरा कागद धरून ताडून बघावं, हे मीच मुलांना शिकवतो; तेव्हा विसरलो.)

"पिवळं आहे."

मी निळा वाढवला.

"अजून पिवळं. कालचं पापलेट."

आणखी निळा. रिमोट दाबून अंगठा दुखायला लागला.

"हां, आता ताजं!"

"अहो, सगळं निळं दिसतंय," बायको म्हणाली. पण तिने कधी मासळी विकलेली नाही.

रविवारी कॉल लागला. नातवासाठी आईने दोन्ही डोळे उघडले आणि ती किंचाळलीच.

"अगो बाय! पोर निळं पडलंय! श्वास घेतंय का बघ!"

सुनीता रडायलाच लागली. मेहुणे बाळाला उचलून लुंगीवरच दवाखान्यात पळाले. आई देवापुढे जाऊन बसली.

"अहो," बायको म्हणाली, "वन्सं पण निळ्या होत्या. मागचं कपाटसुद्धा."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. आईच्या जुन्या डोळ्यात मोतीबिंदू अजून तसाच होता. त्या डोळ्याला सगळंच पिवळट दिसतं, आणि मी त्याची शिक्षा टीव्हीला दिली होती!

तेवढ्यात मेहुण्यांचा फोन आला. "बाळ ठणठणीत आहे. निदान कुणी केलं, असं डॉक्टर विचारतायत."

मी फोन ठेवला. शास्त्राने मला पार दमवलं होतं.

बाळ घरी पोचल्यावर बायकोने आपल्याच मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. गुलाबी बाळ, भोकाड पसरलेलं! आईने मोबाइल अगदी नाकाशी धरला. तिचे डोळे भरून आले, माझेही.

"नाक मामावर गेलंय," ती म्हणाली.

मी जरा ताठ बसलो.

"रडू नकोस गं सुनीता," आईने पुढे समजूत घातली, "नुसतं नाकच गेलंय!"