निंगव्वाची छिन्नी थांबली

निंगव्वा पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत, म्हणजे गुळगुळीत झालेला दगड छिन्नीनं पुन्हा खरखरीत करत, गावोगाव फिरते. मिक्सर आले, तरी ज्यांना वाटण पाट्यावरचंच लागतं अशी घरं तिनं चाळीस वर्षांत जोडून ठेवली आहेत. पहिला ठोका कानावर पडला की ती दगडाची जात सांगते.

गेल्या मार्चात भर दुपारी मंद्रूपजवळच्या वस्तीवर, धोंडप्पाच्या अंगणात ती कामाला बसली होती. खाणीत सुरुंग उडावा तसा आवाज आभाळात दोनदा झाला. पाठोपाठ गोठ्याचा पत्रा फाटला. म्हैस दावं तोडून पळाली.

गोठ्यात जमिनीला वीतभर खड्डा पडला होता आणि त्यात नारळाएवढा काळा दगड. घटकाभरापूर्वी धोंडप्पा तिथंच बसून पेंड कालवत होता.

वस्ती गोळा झाली. देवानं धाडला म्हणून घरटी एकेक तुकडा न्यायचा असं ठरलं.

"निंगव्वा, छिन्नी हाय की तुज्याकडं. फोड," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तिनं दगड उचलला. आकाराच्या मानानं लई जड, आणि आगीतून आल्यासारखा काळा असून हाताला गार. तिनं एक ठोका घातला. नखाएवढी कपची उडाली. वरचं काळं साल करपलेल्या भाकरीसारखं पातळ, आत राखेचा रंग आणि त्यात चकाकणारे लोखंडाचे कण. छिन्नी तिनं खाली ठेवली.

"ह्यो आपल्याकडचा दगड न्हाय. आता म्या हात लावणार न्हाय."

तेवढ्यात धोंडप्पाची सून दानेश्वरी शाळेतून आली. ती विज्ञान शिकवते. पुढं झालेलं कुंकवाचं ताट तिनं अडवलं.

"मामा, हा उल्कापाषाण असणार. कुंकू नको, पाणी नको. आणि लोहचुंबक तर अजिबात लावायचं नाही, आतल्या चुंबकत्वाच्या जुन्या खुणा पुसतात."

तिनं पट्टी ठेवून खड्ड्याचे फोटो काढले. हातावर कोरी पिशवी चढवून दगड एका स्वच्छ पिशवीत ठेवला, कपची दुसरीत. जागा, तारीख, वेळ लिहिली आणि तहसीलदारांना फोन लावला. असा दगड घरात ठेवायचा नसतो, सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याकडं द्यायचा असतो, हे तिनं सगळ्यांना समजावलं.

चार दिवसांनी खात्याचे साहेब आले. कपची बघून त्यांनी विचारलं, "फोडला कुणी?"

साहेब येणार म्हणून मुद्दाम आलेली निंगव्वा उठली. "म्या."

"थांबलात ते बरं केलंत. नाहीतर घरोघर तुकडे झाले असते."

"किती जुना हाय सायेब?"

"तपासल्यावर नक्की कळेल. पण असे दगड साधारण साडेचारशे कोटी वर्षांचे असतात. तुम्ही टाकी लावता तो आपला काळा दगड साडेसहा कोटींचा."

तिनं आकडा पुन्हा सांगायला लावला. मग ती ओट्यावर बसली. दानेश्वरीनं आणलेल्या चहावर साय धरली, तरी कप तसाच होता.

"आन् म्या त्येला एका ठोक्यात फोडला," ती एवढंच म्हणाली.