बोईसरात पाहिलेलं आईचं जाळं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली. कधी कुणी हे वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

बोईसरला एका सभागृहात फिरतं संग्रहालय आलं होतं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कला, हा त्यांचा विषय. आमच्या घरचं जुनं सुती जाळं दादाने (माझ्या थोरल्या भावाने) त्यांना दाखवायला दिलं होतं. तो बोटीवर गेलेला, म्हणून बघायला मी एकटीच निघाले. आमची सातपाटी सोडली तेव्हा वलांड्यांवर (बोंबील वाळवायच्या बांबूच्या मांडण्यांवर) ओले बोंबील चकाकत होते. पालघरला एसटी बदलली.

बोईसरात मी चुकून कारखान्यांपाशी उतरले. धुराने डोळे चुरचुरले. विचारायची लाज वाटत होती. शेवटी एक रिक्षावालाच थांबला, त्याला सभागृहाचं विचारलं.

"माँजी, हॉल तो पीछे रह गया। बैठो।" थोडं पुढे गेल्यावर त्याने नाक वर केलं. "थैले में मछली है ना?"

भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. मी पिशवी पायाखाली सरकवली.

"छुपाओ मत, हम भी खाते हैं," म्हणाला आणि हसला.

सभागृहात थंडगार होतं. जव्हारकडच्या एका घरचे बोहाड्याचे (सोंगं नाचवायच्या उत्सवाचे) मुखवटे होते. एक आजोबांनी केलेला, एक मुलाने, एक नातवाने. नाकं मात्र तिन्हींची एकाच ठेवणीची. पुढे सासू-सुनेने मिळून काढलेला तांदळाच्या पिठाचा लग्नचौक होता. सासू, एक वारली म्हातारी, शेजारी खुर्चीवर बसली होती. आणि तिच्या पलीकडे आमचं जाळं.

खाली पाटी होती: आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलाकडे. शेवटी दादाचं नाव. मी एक गाठ बोटांनी चाचपली. गाठ डावीकडे कललेली होती.

आजोबा विणायचे, हे खरं. पण बाबांना विणणं कधी जमलंच नाही. आमची जाळी आई विणायची, आणि आई डावरी (डावखुरी) होती. डावऱ्या हाताचं जाळं बोटीवर नेलं तर मासळी फिरकत नाही, असं आमच्याकडे जुने लोक मानायचे. म्हणून ती आतल्या खोलीत बसून विणायची आणि बाबा ते जाळं खांद्यावर टाकून, आपणच विणलं म्हणून बंदरावर न्यायचे. हे दादाला आणि मला ठाऊक होतं. मीही डावरीच. मला तिनेच शिकवलं, तेही आतच.

मी त्या पाटीपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे.

"बाय, काय हारवला का?" म्हातारीने विचारलं.

मी हळूच सांगितलं. हेही सांगितलं की बोलले तर दादा खोटा पडेल, बंदरावर त्याला हसतील.

"आन नाय बोलली तं?"

मी पुन्हा त्या गाठीवर बोट ठेवलं.

"मंग सांग ना! तुजी आय येनार हाय का सांगाला?"

तिनेच हाक मारून तिथल्या मॅडमना बोलावलं. मी खुणेनेच सुतळी मागितली, खाली बसले आणि डाव्या हाताने चार गाठी घातल्या. मग तो तुकडा जाळ्याला लावून धरला. मॅडम वाकून बघत राहिल्या. जाळ्याचं टोक उलटून पाहिलं, परत माझ्या हाताकडे पाहिलं.

"हे तुमच्या आईंनी विणलंय?"

"हो."

"नाव काय त्यांचं?"

"चांगुणा." कितीतरी वर्षांनी मी ते मोठ्याने उच्चारलं.

त्यांनी तिथेच नवी पाटी लिहिली. दादाचं नाव मी काढू दिलं नाही. इतकी वर्षं जाळं जपलं ते त्यानेच. मग म्हातारी आणि मी बाहेर पायरीवर जेवलो. तिने नागलीची भाकरी दिली, मी चटणी. "तिकाट हाय गं!" म्हणत तिने दोनदा मागून घेतली.

येताना गाडीभर दादाला कसं सांगायचं तेच जुळवत होते.

दुसऱ्या दिवशी दादाची बोट लागली. बंदरावर त्याचे सोबती असतानाच मी सांगून टाकलं. घरी जाईपर्यंत थांबले असते तर धीर सुटला असता. दादा खाली बघत राहिला. त्याचा एक जुना सोबती म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं आमी डावरीच्या जाल्यातलं पापलेट खाल्लं?"

"खाल्लं ना?" दादाने मान वर केली. "कमी पडलं काय कधी?"

सगळे हसले. तो सोबतीही.

घराकडे चालताना दादा म्हणाला, "बापानंच बजावलेलं, कुनाला सांगू नको. तो गेला, तरी माजं तोंड बंदच राह्यलं."

त्याच्यावर रागवायचं मी ठरवून ठेवलं होतं. ते राहून गेलं. कला रक्तातून येते असं त्या सभागृहात लिहिलं होतं. येत असेल. पण आमच्या घरी ती आईशेजारी जमिनीवर बसून माझ्याकडे आली, आणि आई बसायची कुठे हे दादा आणि मी दोघंही लपवत आलो.

रविवारी दादा बोट काढणार नाही. वहिनीला घेऊन बोईसरला जाणार आहे. पाटीवर काय लिहिलंय ते मी सांगू लागले तर म्हणाला, "तू सांगू नको. मी वाचीन."