कारंज्यासाठी छाटलेली फांदी

मंडळी, सकाळपासून चैन नाही, म्हणून इथे लिहितेय.

काचीगुड्याच्या आमच्या घराच्या छोट्या बागेत मी सौरऊर्जेवरचं कारंजं बसवलं. टब, दगड, पंप, सगळं माझ्या हातांनी जोडलं. पण पॅनेलवर शेजारच्या कडुनिंबाची सावली पडायची आणि पाणी नुसतं ठिबकायचं. शेजारच्या चाचांना मी संकोचतच विचारलं, तेवढी फांदी छाटता येईल का? त्यांनी आज सकाळी माणूस बोलावून ती छाटलीसुद्धा.

पाणी हातभर उडालं. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

मग पंपाचं रिकामं खोकं आवरताना तळाशी जादा वायरचं वेटोळं सापडलं. म्हणजे फांदी न छाटता पॅनेल सरळ गच्चीवर उन्हात ठेवता आलं असतं.

भिंतीपलीकडे चाचा खुर्ची सरकवत होते. रोज त्याच फांदीखाली बसून ते पेपर वाचायचे.

"चाचा, धूप लग रही ना?"

"नक्को फिकर करो बेटी. फव्वारा चलरा ना? बस!"

वायरचं मी बोललेच नाही.

दुपारपासून ते दोनदा भिंतीशी येऊन कौतुकाने कारंजं बघून गेले. मला ते पाणी आता बघवत नाही, पण पंप बंद केला, तर का म्हणून विचारतील.

तुम्ही सांगितलं असतं त्यांना?