कुंकवाची माशी

मधमाश्या पाळायचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन मी मोताळ्याहून परतले, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. जीपमध्ये माझ्या मांडीवर माश्यांची पेटी, अन् बाकी सगळे जीव मुठीत धरून पलीकडे दाटीवाटीनं!

गावात जिकडेतिकडे बीटी कपाशी. तिच्यानं फवारे कमी होतील म्हणत होते, पण फवारणी काही थांबली नाही आणि माश्या दिसेनाशा झाल्या. इकडे माझ्या मोठ्या जावेनं अर्ध्या एकरात बियाण्याचा कांदा लावलेला. मोठे दीर वारल्यावर तिनं एकटीच्या हिमतीवर घेतलेलं हे पहिलंच पीक. फुलांवर माशी बसली नाही तर बी धरत नाही, म्हणून ही पेटी.

आमच्याकडे नवी वस्तू आली की हळदकुंकू लागतंच, मग ती गाय असो की मोटरसायकल. सासूबाई कुंकू घेऊन बांधावर हजर. जाऊ मात्र रिवाजाप्रमाणे लांब, बोरीखाली उभी. मला ते खटकलं.

"राणीले कुंकू लाव," सासूबाई म्हणाल्या. मी पेटी उघडून एक जाडजूड, टपोऱ्या डोळ्यांची माशी ऐटीत चिमटीत धरली. चावली नाही. राणीच ती, चावेल कशाला! तिच्या पाठीवर ओल्या कुंकवाचा ठिपका दिला. सासूबाईंनी हात जोडले.

आठ दिवसांनी, कांदा ऐन फुलोऱ्यात, ती कुंकवाची माशी पेटीच्या दारात मरून पडलेली. जाऊ मटकन खाली बसली. "गेलं वं माह्यं पीक," म्हणत रडायलाच लागली. राणी गेली म्हणजे पेटीच संपली, हे मीच तिला प्रशिक्षणाहून येऊन सांगितलेलं.

आवाज ऐकून शेजारच्या शेतातली चाची धावत आली. तिचं माहेर जळगाव जामोदकडचं, सातपुड्याच्या पायथ्याशी. मध काढणाऱ्यांचं घर. मेलेली माशी तिनं तळहातावर घेतली आणि खो खो हसत सुटली.

"अवं, हा तं नर हाय! डोळे पाह्य, पार टाळूवर भिडले. बूड बोथट, त्याले नांगी कुठची?" मग तिनं पेटीतली चौकट अलगद उचलली. "हे पाह्य राणी. पोट लांब, पंख आखूड. अन् ह्या कामकरी, सगळ्यात बारक्या. मांगच्या पायाले पिवळं पीठ दिसते का? कांद्यावरूनच आणून राह्यल्या."

म्हणजे राणी जिवंत, अन् तिची पाठ कोरी! मी आणि चाची हसून हसून बेजार. सासूबाईंना मात्र ते सोसेना.

"म्या नराले हात जोडले?" म्हणत त्यांनी पदराच्या गाठीतून कुंकवाची पुडी काढली, बोट ओलं केलं.

"राणीले कशाले, भाभी?" चाची म्हणाली. "ते तं पेटीत बसून राह्यते. उन्हात राबतात त्या ह्या बारक्या."

सासूबाई त्या माश्यांकडे पाहत राहिल्या. मग जावेजवळ गेल्या, पदरानं तिचे डोळे पुसले आणि कुंकवाचं बोट तिच्याच कपाळावर टेकवलं.

"रडू नको वं. ऊठ, कांदा पाहू."

जाऊ उठली, पदर खोचून सासूबाईंच्या पुढे चालू लागली. कुंकू तिनं पुसलं नाही.