खांद्याचं मलम

मुंबईच्या इस्पितळाला द्यायचं पत्र लिहून झालं होतं आणि मी पाकिटाला डिंक लावत होतो. पत्रात ‘अपेंडिक्स’ हा शब्द मी दोनदा अधोरेखित केला होता. पनवेलला दवाखाना थाटून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. अधोरेखित करण्याची हौस दांडगी.

समोर टेबलावर शालू. वय बावीस, उजव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय. बाईच्या ओटीपोटातल्या दुखण्याला कारणं पुष्कळ. अपेंडिक्स, मूतखडा, लघवीचा दाह, बीजकोशातली गाठ, गर्भाशयाची सूज. शिवाय दिवस राहिले असतील तर निराळीच काळजी. म्हणून मी पाळीचं विचारलं होतं. अर्थात सासूला. तेव्हा रीतच तशी होती, आणि मला ती सोयीची वाटे.

“गेल्याच आठवड्यात चार दिवस बाजूला बसली होती,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांदेखत!”

प्रश्न मिटला. शालू पुटपुटली, “खांदाही दुखतोय.” मी खांद्याला चोळायला मलम दिलं. नाडी शंभर होती, ती मी भीतीच्या खाती टाकली.

“उद्या सकाळच्या एस.टी.नं न्या,” मी म्हणालो.

आमच्या मिडवाइफ यमुनाबाई जवळच्याच विचुंबे गावच्या. त्या लघवी तपासायला म्हणून शालूला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिला झोपवून परत आल्या, मला दाराआड बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“डाक्टर, ती बसली खरी. पन तिला काय आलाच नवता. दोन महिने झाले.”

“मग बसली कशाला?”

“निजायला.”

“निजायला?” मी विचारलं.

“दिराचा लगीन हाय. पापड, कुरडया, दळन. पोटात दुकते सांगितला, तर सासू बोलते नाटका करते. बाजूला बसला का कोन कामाला हात लावू देत नाय. तुमाला ह्या कसा ठाव असनार? तुमी सासूला विचारता.”

मी आत धावलो. पापणी खाली ओढून पाहिली. आतली लाली गेलेली. नाडी एकशे वीस.

गर्भ कधी कधी पिशवीत न रुजता वाटेतल्या नळीत रुजतो. नळी तेवढी ताणत नाही. फुटते, आणि पोटात रक्त साचतं. ते वर छाती-पोटामधल्या पडद्याला लागलं की कळ खांद्यात उठते. मी त्या खांद्याला मलम दिलं होतं! एरवीही अशा दुखण्यात थोडं रक्त जातं आणि घरचे त्यालाच पाळी समजतात. म्हणजे सासूबाईंचं ऐकून निश्चिंत होण्याचा मला कुठूनच अधिकार नव्हता.

बाहेर येऊन सासूबाईंना म्हणालो, “उद्या नाही, आत्ता. मोटार मिळवा.”

“अहो, मघाशी तुम्हीच उद्या म्हणालात ना?”

“मघाशी मी गाढव होतो.”

“आणि आता?”

“आता घाईत आहे.”

शेजारच्या भातगिरणीवाल्यानं मोटार दिली. पाकीट फाडून मी पत्र नव्यानं लिहिलं, अधोरेखनाशिवाय, आणि बरोबर निघालो. ठाण्याच्या फाट्यापर्यंत नाडी एकशे चाळीस झाली. पुढे मी मोजायचं सोडून दिलं. इस्पितळात टेबलावर घेतलं तेव्हा नळी फुटलेली होती. सर्जननं ती काढली. “सकाळपर्यंत टिकली नसती,” एवढंच तो म्हणाला.

बाजूला बसण्याची गोष्ट मी तिच्या घरात कळू दिली नाही. महिन्यानं सासू-सून तपासायला आल्या. मी सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तो बाक मी नुकताच करून घेतला होता. आत शालूला विचारलं, “काय हवं?”

“जड काम करू नये, असं लिहून द्याल?”

मी तीन महिन्यांचं लिहून दिलं. ‘तीन’ अधोरेखित केलं.

जाताना सासूबाई दारात थांबल्या. “ऑपरेशनचं मला कळत नाही हो, पण तुमच्या मलमानं हिचा खांदा दुखायचा मात्र साफ थांबला. माझ्या गुडघ्यासाठी एक डबी द्या.”

दिली. पनवेलात माझं नाव झालं ते त्या मलमामुळे.