कांद्याचं सूप आणि न उचललेला फोन

नाकातली अन्नाची नळी काढली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या नवऱ्याला साध्या पाण्याचा ठसका लागला. ठसका म्हणणंही कमीच. डोळे पांढरे झाले, ओठ निळे पडले, आणि मी त्यांच्या पाठीवर थापा मारत नुसती "अहो, अहो" करत राहिले. श्वास परत आला तेव्हा ते भिंतीला टेकून रडत होते. आवाज नव्हताच. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये जिभेचा बराचसा भाग गेला, स्वरयंत्राची नसही दुखावली, त्याच्यासोबत बोलणंही गेलं.

त्या दिवसापासून चमचा जवळ नेला की ते दात आवळून घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी पातळ देऊ नका, श्वासनळीत जाईल. थोडं घट्टसर द्या आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला लावा. आणखी एक सांगितलं होतं. पुढच्या तपासणीपर्यंत पोटात अन्न जायला लागलं नाही, तर नळी परत घालावी लागेल. नवरा वहीत लिहून बोलायचा. घरी आल्यावर त्यांनी अख्खं पान भरून लिहिलं, 'नळी नको.'

मी पेज दिली, मुगाचं कढण दिलं. दोन चमचे झाले की मान फिरवायचे. उभा जन्म झणझणीत जेवलेला माणूस, त्याला तिखटाशिवाय सगळं एकसारखंच लागत होतं.

मुलगी पुण्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. दोन दिवसांची सुट्टी काढून ती मंगरूळपीरला आली, ती मोठं खोकं घेऊनच. आत चिनी मातीचं जड भांडं, ते बसवायला विजेवर तापणारा डबा आणि वर काचेचं झाकण.

"हे काय आणलं वं?"

"स्लो कुकर. बाबासाठी कांद्याचं फ्रेंच सूप करू यात. आठ-दहा घंटे कांदा मंद शिजला की आपसूक गोड होते. तिखट घाला लागत नाही."

"दहा घंटे? अन् मी शाळेत गेल्यावर?"

"म्हणून तर आणलं. त्याच्यापाशी उभं राहा लागत नाही."

ती रविवारी दुपारच्या गाडीने गेली. कोंबडीच्या हाडांचं पाणी उकळून, गाळून फ्रिजमध्ये ठेवून गेली. माझ्या रजा संपल्या होत्या. सोमवारी सकाळी सहाला मी दीड किलो कांदा उभा चिरला, लोणी आणि मीठ घातलं, झाकण लावलं आणि बटण दाबलं. या भांड्याची मला पहिल्यापासून धास्ती होती. गॅसवरचं भांडं खदखदतं, शिट्टी देतं, आपल्याला काहीतरी कळतं. हे गप्प. नुसता लाल दिवा.

आमचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, कापड दुकानवालं जैन कुटुंब. त्यांच्याकडे कांदा शिजत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी एका शब्दाने हटकलं नव्हतं, पण फोडणी घालताना मीच आपली मागची खिडकी लावून घ्यायची. त्या सकाळी घरमालकीणबाईंना जादा किल्ली द्यायला गेले.

"काकू, आज दिवसभर कांद्याचा वास येईल. यांच्यासाठी करून राह्यली."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत वळल्या. मला वाटलं, रागावल्या.

माझी शाळा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर. दुपारच्या सुट्टीत मी रोज घरी फोन लावायची. नवरा उचलायचा आणि फोनवर नखाने दोनदा टकटक करायचा. म्हणजे ठीक आहे. त्या दिवशी रिंग पूर्ण वाजून बंद झाली. परत लावला. तिसऱ्यांदा लावला. मग काकूंना लावला, त्यांनीही उचलला नाही.

ओट्याजवळच्या खिडकीला पडदा होता, तो डोळ्यासमोर आला. पण आगीपेक्षा दुसराच विचार जास्त भिववत होता. वासाने भूक चाळवून त्यांनी एकट्यानेच झाकण उघडलं असेल तर? घास अडकला तर ओरडायला आवाज नाही.

"मॅडम, रेंज नसन," सोबतचे सर म्हणाले.

"सर, मले घरी सोडून द्या. आत्ताच."

माझा चेहरा पाहून त्यांनी पुढे काही विचारलं नाही. हेडमास्तरांना सांगून गाडी काढली. रस्ताभर मी फोन लावत राहिले. गावाजवळ धुराचा लोट दिसला आणि मी सरांचा खांदा इतका जोरात धरला की गाडी हेलकावली. कोणीतरी शेतात कापसाच्या पऱ्हाट्या जाळत होतं.

जिन्यातच जळक्या प्लास्टिकचा वास आला. दार सताड उघडं. कठड्याला धरून आत डोकावले.

नवरा खुर्चीवर बसला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी काकू बसल्या होत्या, नाकाला पदर लावून, नजर त्या भांड्यावर.

"घाबरू नका," त्या मला पाहून म्हणाल्या. "तुमचा तो सॉकेट जळला."

सॉकेटमधून धूर निघताना नवऱ्याने पाहिला होता. हाक मारता येईना, म्हणून गॅलरीत जाऊन ताटावर पळी बडवली. काकू हातातलं काम टाकून धावत वर आल्या, फोन खालीच राहिला. त्यांनी मेन स्विच पाडला, प्लग ओढून काढला आणि स्विच परत वर केला. नवऱ्याने वहीत लिहिलं, 'कांदा वाया जाईल.' तेव्हा काकूंनी स्वतःच्या हातांनी ते गरम भांडं कापडात धरून उचललं, समोरच्या खोलीतल्या कूलरच्या मोठ्या सॉकेटवर चालू करून पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यासमोर स्टुलावर मांडलं. नवऱ्याचा फोन आतल्या खोलीत वाजत होता, पण दोघांनाही भांड्यासमोरून हलायची भीती वाटत होती.

"काकू, तुमी कांद्याले हात लावला?"

"हात धुतले की झालं. ते एकटे कसे बसतील?" म्हणून दोन तास तिथेच बसलेल्या.

मी बसले आणि मग रडले.

चार वाजता झाकण काढलं. कांदा गुळासारखा तपकिरी झाला होता. त्यात हाडांचं पाणी घातलं, तासभर उकळलं आणि मिक्सरमधून घट्टसर फिरवलं. मुलगी सांगत होती, हॉटेलात यावर पाव आणि चीज घालतात; ते यांना गिळता आलं नसतं. वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसले, पण चमचा उचलवेना. निळे ओठ आठवत होते. शेवटी त्यांनीच माझ्या हातातून चमचा घेतला, हनुवटी झुकवली आणि तोंडात घातला.

गळ्याची घाटी वर गेली. खाली आली. मग खोकला आला, आणि मी ओरडलेच. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. खोकला बसला. दुसरा चमचा घेतला. तिसरा. अर्ध्या वाटीला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात माझी पाठ घामाने भिजली. शेवटी त्यांनी वही ओढली. लिहिलं, 'मीठ कमी आहे.'

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने घरातले सगळे सॉकेट बदलले. आठवड्यातून तीनदा सूप होऊ लागलं, पण मी घरी असेन तेव्हाच. तपासणीला डॉक्टरांनी वजन केलं, घसा पाहिला आणि नळीचं नावही काढलं नाही. परतीच्या बसमध्ये नवरा शांत झोपला. मला मात्र त्यांचा श्वास नीट चालू आहे ना, हे मंगरूळपीर येईपर्यंत बघावं लागलं.